कुठे मोडेल, ते आधी लिही

पूल चपलांच्या खोक्यात मावला, कारण तो मोडला होता. धड असता तर ६० सेंटिमीटरचा पूल त्या खोक्यात शिरलाच नसता. लेकीनं खोका मांडीवर घेतला, मी स्कूटर काढली आणि दिवेलागणीच्या सुमारास आम्ही रामघाटावर पोचलो. माझा भाऊ रोज या वेळी तिथेच असतो. शिंद्यांच्या राज्यात दक्षिणेकडून उज्जैनला आलेली आणि इथलीच होऊन गेलेली जी मराठी घरं आहेत, त्यांतलं आमचं एक. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि भांडण दोन्हींत. भाऊ सरकारी नोकरीत ३० वर्षं पुलांच्या कामावर होता. निवृत्त झाला तरी नदी दिसली की आधी पाण्याची पातळी बघतो, मग हात जोडतो. लेक सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

वर्गाला काम दिलं होतं ते असं. आइस्क्रीमच्या काड्या आणि फेविकॉल, तिसरी वस्तू नाही. दोन टेकूंमध्ये ६० सेंटिमीटर अंतर, पुलाचं वजन २५० ग्रॅमच्या आत. मधोमध हूक अडकवून मोडेपर्यंत वजन टांगायचं. जितकं पेललं, त्याला पुलाच्या वजनानं भागायचं; आकडा मोठा तितके गुण. खऱ्या परीक्षेआधी घरी रंगीत तालीम म्हणून दोन स्टुलांवर पूल ठेवला, हुकाला बादली लावली आणि मी वाटी-वाटीनं वाळू ओतत गेले. हिचा हिशेब होता ७० किलोचा. २४ किलोला काड्या कडाडल्या आणि बादली माझ्या पायाशी आदळली.

घाटाच्या पायरीवर मामा-भाचीचं जे बोलणं झालं, ते जसं ऐकलं तसं लिहिते.

मामा : (झाकण उघडून) छान आहे. खेळणं म्हणून.

भाची : मामा, नीट बघ तरी. दीडशे काड्या आहेत. प्रॅट पद्धतीची कैची, तिरप्या काड्या ताणात, उभ्या दाबात. सगळा हिशेब वहीत आहे.

मामा : वही नंतर. आधी सांग, वजन कुठून आलं?

भाची : मधोमध, हुकाला.

मामा : आणि टेकू कसले?

भाची : स्टुलं.

मामा : स्टुलं खचली का? त्यांच्या पायाखालची फरशी कुणी उकरून नेली का? बाजूनं कुणी लोटलं? नाही ना? म्हणून खेळणं म्हणालो. मधोमध वजन टांगलं म्हणून पडलेला पूल मी ३० वर्षांत पाहिला नाही. पूल जातो तो पायातून जातो, नाहीतर बाजूनं जातो. तुमच्या वर्गात सगळं आहे, ही बाई तेवढी नाही. (नदीकडे हात)

भाची : ही बाई उन्हाळ्यात नर्मदेच्या उसन्या पाण्यावर जगते. २०१४ मध्ये जोडलंय ते. नाव क्षिप्रा, म्हणजे वेगानं जाणारी, आणि एप्रिलमध्ये बघावं तर जागची हलत नाही.

मामा : एप्रिलमधली नदी बघून पूल बांधू नये, हा पहिला धडा. श्रावणात ये. घाटावरच्या या देवळांची नुसती शिखरं वर असतात.

भाची : येईन. पण मला या खेळण्यानं जे शिकवलं ते आधी ऐक. ही एक काडी. ११४ मिलिमीटर लांब, १० रुंद, २ जाड. दोन्ही टोकांनी ओढली तर जवळजवळ १०० किलो सहन करते. हीच काडी उभी धरून दोन्ही टोकांनी दाबली तर किती घेईल?

मामा : तू सांग.

भाची : सांध्यापासून सांध्यापर्यंत १०० मिलिमीटर धरले तर ७ किलोसुद्धा नाही. तुटत नाही, बाक येतो आणि सटकते. ऑयलरचं सूत्र. लांबी निम्मी केली की ताकद चौपट. आणि दोन काड्या पाठीला पाठ लावून चिकटवल्या तर?

मामा : दुप्पट, असं सगळा वर्ग म्हणाला असेल.

भाची : आठपट! जाडीचा घन लागतो. ७ चे ५३ किलो होतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण दोन बोटांत धरून दाबलं तेव्हा कळलं. तू हे कधी बोटांनी दाबून बघितलंस?

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं खोक्यातून दोन काड्या उचलल्या, एक सुटी आणि एक जोडलेली. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून दोन्ही दाबून पाहिल्या. सुटी धनुष्यासारखी वाकली. जोडलेलीनं त्याच्या अंगठ्यावर वळ उठवला.

मामा : नाही. बोटांनी नाही बघितलं. हे बरं केलंत तुम्ही. आता वही दाखव... वरच्या दांडीला जोडकाडी, ५३ किलो. त्यावरून पुलाला ७० किलो. हिशेबात चूक नाही.

भाची : मग २४ ला का मोडला?

मामा : मोडला कसा? खाली तुटला की वर?

भाची : वर. म्हणजे तुटला नाहीच आधी. दोन्ही कैच्या कडेला कलंडल्या आणि मग सगळं गेलं.

मामा : वजन वरून आणि पूल पडला बाजूला. आता ही वरची दांडी कागदावर बघितलीस ती समोरून. समोरून तिला दर १०० मिलिमीटरवर उभी काडी धरते. पक्षी होऊन वरून बघ. कडेला जायला लागली तर तिला कोण धरतंय?

भाची : ...कुणी नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मामा : म्हणजे वरून बघताना तुझी काडी १०० मिलिमीटरची नाही, ४०० ची आहे. लांबी चौपट, ताकद किती?

भाची : सोळावा भाग. ५३ चे साडेतीन किलोसुद्धा राहत नाहीत.

मामा : उभ्या काड्यांनी थोडं सावरून धरलं म्हणून २४ पर्यंत तरी गेला. रेल्वेच्या कैचीच्या पुलातून जाताना डोक्यावर लोखंडी फुल्या दिसतात, त्या नक्षी म्हणून नसतात. दोन्ही वरच्या दांड्यांनी एकमेकींचा हात धरावा म्हणून असतात.

भाची : बघ! चोवीस किलो वाळूत मला कळलं की पूल दोन बाजूंनी बघायचा असतो. आणि तू म्हणतोस खेळणं.

मामा : एक गोष्ट शिकवली, कबूल. पण दहा गोष्टींबाबत फसवलंही. तुझा पूल किती ग्रॅमचा?

भाची : २४०. त्याच्या शंभरपट वजन पेललं त्यानं.

मामा : हीच फसवणूक. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट ओझं नेते, हत्तीला ते जमत नाही. गॅलिलिओनं १६३८ मध्ये लिहून ठेवलंय हे. पूल सगळ्या मापांनी पन्नासपट कर. ३० मीटरचा गाळा झाला. काड्यांचा छेद वाढला २,५०० पट, म्हणून ताकद तितकी वाढली. वजन वाढलं १,२५,००० पट. म्हणजे स्वतःच्याच वजनाचा ताण पन्नासपट. तुझ्या खेळण्यात पुलाचं स्वतःचं वजन हिशेबातच नसतं. आमच्या पुलांत निम्मं भांडण त्याच्याशीच असतं. शंभरपट पेलणारा पूल मला कुणी दाखवला तर मी त्यावरून बैलगाडीसुद्धा नेणार नाही.

भाची : मग रॉबर्ट स्टीफन्सन वेडा होता का?

मामा : कोणता? इंजिनवाल्याचा मुलगा?

भाची : तोच. वेल्समधला ब्रिटानिया पूल. ४६० फुटांचे गाळे, लोखंडी पत्र्याची चौकोनी नळी आणि तिच्या पोटातून रेल्वे. असलं आधी कुणी केलं नव्हतं, त्यामुळे सूत्रं नव्हती. मग फेअरबेर्न आणि हॉजकिन्सन यांनी नमुने मोडायला घेतले. गोल नळ्या, लंबगोल नळ्या, चौकोनी नळ्या. सगळ्यांना वाटत होतं की लोखंड खालच्या बाजूनं फाटेल. पण वरचा पत्राच चुरगळायला लागला, माझ्या वरच्या दांडीसारखा. मग एक-षष्ठांश मापाचा मोठा नमुना केला. तो मोडायचा, मोडला तिथे बळकट करायचा, पुन्हा मोडायचा. त्यातून वरच्या बाजूला पत्र्याचे कप्पे करायचं ठरलं. १८५० मध्ये पूल सुरू झाला. ते सगळं खेळणंच होतं का?

मामा : नाही. पण त्या नमुन्याला गुण मिळणार नव्हते, हा फरक लक्षात घे. तो किती पेलतो यापेक्षा तो कुठे जातो, हे त्यांना हवं होतं. तुमची स्पर्धा नेमकं ते विचारत नाही. मोडला की काड्या केराच्या टोपलीत आणि आकडा फळ्यावर.

भाची : मी टोपलीत टाकला नाही. खोक्यात घालून तुझ्याकडे आणला.

मामा : (हसून) तू माझी भाची आहेस. बाकीच्या एकोणसाठ जणांचं काय?

चहावाला आला. मामानं तिघांचे पैसे दिले आणि ग्लास हातात धरून घाटाजवळच्या ठेंगण्या पुलाकडे बोट केलं. उज्जैनमध्ये त्याला रपट म्हणतात. महाराष्ट्रात ज्याला फरशी किंवा फरशी पूल म्हणतात, तोच प्रकार.

मामा : मी मॉडेलच्या विरुद्ध आहे असं समजू नको. पुण्याला खडकवासल्याचं जलसंशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथे मॉडेलंच करतात. पण नदीची! वाळूची नदी मांडतात, पाणी सोडतात, त्यात खांब उभा करतात आणि बसून बघतात की खांबाच्या पायाशी वाळू किती उकरली जाते. क्लॉड इंग्लिस नावाचा इंजिनिअर तिथे प्रमुख होता. गंगेवरच्या हार्डिंज पुलाचा प्रश्न त्यांनी तिथेच सोडवायला घेतला. खांबाच्या पायाशी किती खोल खड्डा पडेल, याचं एक सूत्र जगभर ‘इंग्लिस-पूना’ नावानं ओळखलं जातं. वजन टांगून ते सूत्र निघालं नसतं.

भाची : मग मापाची फसवणूक तिथे होत नाही?

मामा : होते की. नदी शंभरपट लहान केली तर पाणी पापुद्र्याएवढं उरतं, वाळूचा कण हलत नाही. म्हणून आडवं माप वेगळं घेतात, उभं वेगळं. मॉडेल मुद्दाम बेढब करतात. पण कुठे बेढब केलंय आणि त्यामुळे काय खोटं दिसेल, हे त्यांना ठाऊक असतं. मॉडेल खोटं बोलतंच. कुठे बोलतंय ते ज्याला कळलं, त्याच्या हातात पूल द्यावा.

भाची : हे वाक्य मी रिपोर्टमध्ये घालणार.

मामा : घाल, पण सूत्रही घाल. वाहत्या पाण्याचा खांबावरचा जोर : ५२ गुणिले K गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर दर चौरस मीटरला किलोत. चौकोनी तोंडाचा खांब असेल तर K दीड, गोल तोंडाचा असेल तर ०.६६. सेकंदाला ३ मीटर वेग धर.

भाची : (मोबाइलवर) चौकोनी... ७०२ किलो. गोल... ३०९. निम्म्याहूनही कमी? नुसत्या आकारानं?

मामा : नुसत्या आकारानं. आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट. जुन्या दगडी पुलांच्या खांबांना प्रवाहाकडे होडीसारखं टोक काढलेलं असतं ना, त्या गवंड्यांना K माहीत नव्हता. नदी माहीत होती.

भाची : आणि तरी सावित्रीवरचा पूल गेला.

मामा गप्प झाला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला आणि काळोखात दोन एसट्या नदीत गेल्या. ती बातमी आली तेव्हा भाऊ नोकरीत होता. कोकणातल्या त्या पुलाशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी त्या दिवशी तो जेवला नव्हता, हे मला आठवलं.

मामा : गेला. वर्षानुवर्षं गाड्यांचं वजन घेतलं आणि पुरात गेला. तेच सांगतोय मी. आता ही रपट बघ. हिंदीत रपटणं म्हणजे घसरणं. दर पावसाळ्यात ही बुडते, पूर तिच्यावरून घसरून जातो. ओसरला की गाळ काढायचा, धुवायची, पुन्हा रहदारी सुरू. अशा पुलांचे कठडे आखूड ठेवतात किंवा काढून ठेवता येतील असे करतात. का सांग?

भाची : पाण्याला अडायला नको म्हणून?

मामा : पाण्यापेक्षा ओंडक्यांना. पुरात झाडं, झुडपं, गवताचे भारे येतात. कठड्याच्या जाळीत अडकले की पुलाचं धरण होतं आणि धरणाचा जोर पुलाला झेपत नाही. उंच पूल नदीशी भांडतो. रपट वाकून नमस्कार करते आणि पूर गेला की पुन्हा उभी.

भाची : मामा, हे ऐकायला गोड आहे. पण ज्या दिवशी पलीकडच्या बाईला दवाखान्यात आणायचं असतं, नेमक्या त्या दिवशी तुझी रपट नमस्कार करत असते. जो पूल गरजेच्या वेळी बंद, त्याला पूल कशाला म्हणायचं? आणि दरवर्षी कुणीतरी गुडघाभर पाणी आहे म्हणून मोटारसायकल घालतो. गुडघाभर पाण्याचा जोर किती असतो ते त्याला तुझ्या सूत्रानं कोण सांगणार?

मामा : मग काय करायचं? प्रत्येक नाल्यावर उंच पूल?

भाची : का नाही?

मामा : कारण उंच पुलाच्या पैशात चार फरश्या होतात. वर्षातले १० दिवस बंद असणारा पूल आज बांधायचा, की ३६५ दिवस चालणारा पूल येईल म्हणून २० वर्षं पोहत जायचं? मी अशा गावांत बसलोय. लोकांनी फरशीच मागितली.

भाची : कारण तुम्ही त्यांना तेवढंच दाखवलंत. तुमच्या पिढीनं तडजोडीलाच डिझाइन म्हणायची सवय लावली.

मामा : आणि तुमची पिढी तडजोड लपवते. ६० सेंटिमीटर, २५० ग्रॅम, फक्त काड्या, ह्या तडजोडीच आहेत की! फक्त त्या सरांनी ठरवल्यात, म्हणून तुला नियम वाटतात. माझ्या वेळी त्या नदीनं, तिजोरीनं आणि गावानं ठरवल्या.

यावर ती काही बोलली नाही. पण तिला पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलं नव्हतं. पैसा नाही म्हणून ठेंगणा पूल बांधणं समजतं. पण पाणी चढताना त्याच्या तोंडाशी साखळी लावणारा माणूस ठेवायला किती पैसा लागतो?

तेवढ्यात आरती सुरू झाली. पायऱ्या भरल्या. पलीकडे दत्त अखाड्याच्या बाजूलाही माणसं जमली. घंटा थांबल्यावर लेकच पुन्हा बोलली.

भाची : २०२८ ला सिंहस्थ. तेव्हा इथल्या पुलांवर काय वजन येईल, हे मी काढलं होतं. म्हणजे काढावं लागलंच नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-६ मध्ये पादचाऱ्यांचा भार दर चौरस मीटरला ४०० किलो दिलाय. आणि पुढे लिहिलंय की तीर्थक्षेत्रं किंवा मोठ्या जत्रा भरणारी गावं असतील तिथे ५०० किलो धरावा. मला इतकं बरं वाटलं ते वाचून. कुणीतरी उज्जैन, नाशिक, पंढरपूर बघून ते कलम लिहिलं असणार.

मामा : ५०० म्हणजे एका चौरस मीटरवर सात-आठ माणसं. इतकी दाटी की हातातला लोटा खाली ठेवता येत नाही. ते कलम लिहिणारा कधीतरी अशा गर्दीत उभा राहिला असणार, हे नक्की.

भाची : पण माझ्या स्पर्धेत वजन एका हुकाला. गर्दी अशी हुकाला लटकत नाही. ती पसरते, एका कडेला धावते, थांबते, सेल्फी काढते. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० ला उघडला आणि दोन दिवसांत बंद केला. तुटला नव्हता. माणसं चालली, पूल जरासा कडेला हलला, तोल सांभाळायला सगळे एकाच तालात पावलं टाकायला लागले, त्यानं आणखी हलला.

मामा : पुन्हा बाजूनंच.

भाची : पुन्हा बाजूनंच. आणि आपल्याकडे कुंडमळा. १५ जून २०२५, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल. धोकादायक आहे हे आधीच माहीत होतं. रविवार होता, लोक फिरायला आले, पुलावर गर्दी झाली आणि पूल खाली आला. चार माणसं गेली. तिथे सूत्र कमी पडलं का?

मामा : नाही. सूत्र कागदावर होतं, गर्दी पुलावर होती आणि दोघांची गाठ घालून देणारं मध्ये कुणी नव्हतं. कुठलाही पूल किती पेलतो हे कुणीतरी कधीतरी मोजलेलं असतं. पण वरून जाणाऱ्याला ते कळत नाही.

भाची : तू तुझे पूल मोजायचास?

मामा : मोजायचो. वाळूनं भरलेले ट्रक एकामागे एक गाळ्यावर उभे करायचे. २४ तास. गाळा किती वाकला ते मिलिमीटरच्या भागात मोजायचं. मग ट्रक काढायचे आणि पुन्हा २४ तास थांबायचं. साध्या काँक्रीटच्या गाळ्यानं वाकलेल्यातलं निदान ७५ टक्के परत वर यायला हवं, प्रीस्ट्रेस्ड असेल तर ८५ टक्के. ट्रक चढवताना भीती नाही वाटायची. ट्रक काढल्यावरची रात्र कठीण जायची. तुम्ही पूल मोडून बघता, आम्ही वाकवून बघतो की तो परत येतो का.

भाची : म्हणजे तो कुठे मोडेल हे तुला शेवटपर्यंत कळलंच नाही.

मामा : (बऱ्याच वेळानं) नाही. कागदावर कळलं होतं. प्रत्यक्षात, देवाच्या दयेनं, नाही.

भाची : मग मला तुझ्यापेक्षा एक गोष्ट जास्त मिळाली. मी मोडलेला हातात घेऊन बसलेय.

मामा : मिळाली. पण अर्धीच. मोडण्याआधी लिहून ठेवलं असतंस तर पुरी मिळाली असती. वहीत ७० किलो लिहिलंस, पण ७० ला कुठली काडी जाईल हे लिहिलंस का?

भाची : नाही. सरांनी विचारलंच नव्हतं.

मामा : आता लिही. फुल्या लावल्यावर वरची दांडी कलंडणार नाही. मग काय जाईल?

खोक्याचं झाकण उलटं करून तिनं मांडीवर घेतलं. दिव्याच्या खांबाखाली पायरीवर बसून दोघांनी हिशेब मांडला, आणि मला पहिल्यांदा तो समजला. ४० किलो वजन म्हणजे प्रत्येक कैचीला २०. कैची १० सेंटिमीटर उंच, गाळा ६० चा, म्हणून मधल्या खालच्या दांडीत ताण ३० किलो. काडी तर १०० किलो ओढ सोसते, मग तिला कसली भीती? भीती काडीला नव्हती. दोन काड्या जिथे एकमेकींवर चिकटतात तो सांधा १० बाय १० मिलिमीटरचा. फेविकॉलची पकड दर चौरस मिलिमीटरला ३ न्यूटन धरली तर ३०० न्यूटन, म्हणजे ३० किलो. बरोबर तेवढंच.

भाची : म्हणजे लाकूड नाही, गोंद जाणार.

मामा : सांधा जाणार. पूल असो, संसार असो, काडी कमी वेळा तुटते. आणि तो गोंद पूर्ण २४ तास वाळू दे. परीक्षेच्या पहाटे चिकटवू नको.

तिनं झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलं : ‘४० किलो. मधल्या खणाचा खालचा सांधा. लाकूड शाबूत, गोंद सुटणार.’ खाली तारीख घातली. मामानं साक्षीदार म्हणून सही केली, जणू निविदाच आहे.

परीक्षेच्या दिवशी मी वर्गात नव्हते. संध्याकाळी तिनं सांगितलं ते लिहिते. पूल ३६ किलोला मोडला. मधल्या खणाचा नाही, त्याच्या शेजारच्या खणाचा खालचा सांधा सुटला. लाकूड एकही तुटलं नाही. वर्गात तिच्यापेक्षा जास्त वजन पेललेले पूल होते, त्यामुळे ती पहिली आली नाही. मामाला फोनवर सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, ‘शेजारचा का गेला, मधला का नाही?’ आणि पुढचा तासभर दोघांची पुन्हा जुंपली.

मामा म्हणतो नदी शिका, भाची म्हणते मोडून शिका. घाटावरून घरी येताना मला दोघंही खरे वाटले आणि दोघंही अर्धे वाटले. नदी वर्गात आणता येत नाही, पण तिनं दिलेला मुख्य धडा आणता येतो : जोर जिथून येईल असं वाटतं, तिथूनच तो येतो असं नाही. आणि मोडण्यातून शिकता येतं, पण आधी तोंडातून आकडा काढलेला असेल तरच. ज्यानं काहीच सांगितलेलं नसतं, त्याचा अंदाज कधी चुकत नाही, आणि ज्याचा चुकत नाही तो शिकत नाही.

म्हणून काड्यांचे पूल करवून घेणाऱ्या सर आणि मॅडम मंडळींना माझी विनंती आहे. नियम सगळे तसेच राहू देत, एक वाढवा. बादली टांगण्याआधी प्रत्येक मुलाकडून बंद चिठ्ठी घ्या : किती किलोला मोडेल आणि कुठे. निम्मे गुण वजनाला द्या, निम्मे चिठ्ठीला. यांतली काही मुलं पुढे खऱ्या पुलांवर सह्या करणार आहेत, आणि त्या पुलांवरून जाणाऱ्या आपल्यासारख्यांना चिठ्ठीतला आकडा वाचायला मिळत नाही.